भाची रॅपर आहे, पॅकिंगमध्ये नाही

रॅपर म्हणजे काय, हे मी जळगावात इतक्या लोकांना समजावून सांगितलंय की आता कुणी विचारलं तर मी सरळ म्हणते, "हो, पॅकिंगमध्येच आहे." आमच्या कॉलनीत रॅपर म्हणजे बिस्किटाचा कागद. त्यामुळे माझी भाची जर्मनीत रॅपर आहे म्हटल्यावर समोरच्या वहिनींनी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. म्हणाल्या, "असू द्या, कोणतंही काम हलकं नसतं."

मग गायिका आहे म्हणून सांगून पाहिलं. "काय गाते? भक्तिगीतं?" नाही. "सिनेमातली?" नाही. "मग?" मग मी सांगायची की ती गात नाही, बोलते. तालावर, भराभर, यमक जुळवून बोलते. यावर आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "म्हणजे सूत्रसंचालन."  मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण या एका गोष्टीला मला शब्द सापडले नाहीत.

ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ इंजिनियर होऊन जर्मनीला गेला. तिथल्या एका कारखान्यात चांगल्या नोकरीला लागला आणि लग्नाला तेवढा इकडे आला. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली. तिला नीट येत होती ती फक्त अहिराणी. आमची प्रमाण मराठीसुद्धा ती पाहुण्यांसमोर नेसायच्या साडीसारखी जपून वापरायची. भाची जन्मली तिकडे, पण बोलायला शिकली आईकडून. त्यामुळे या पोरीला भाषा दोनच. बाहेर जर्मन, घरात अहिराणी. लहानपणी सुट्टीला जळगावला आली की नातेवाईक तिच्याभोवती जमायचे. जर्मनीची मुलगी आता फाडफाड इंग्रजी बोलेल म्हणून वाट पाहायचे आणि ती मला, म्हणजे आत्याला, म्हणायची, "फुई, माले भूक लागनी." लोकांचे चेहरे पडायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग कुणाचा, ते नीट सांगता यायचं नाही.

तिच्या गाण्याची बातमी मला भावाच्या फोनमधून कळली. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो आणि तो तक्रार करतो. हवेची, साहेबाची, गुडघ्याची. त्या रविवारी आवाज वेगळाच होता.

"अक्का, पोरीनं गाणं काढलंय."

"अरे वा."

"वा काय? माझ्या ऑफिसातल्या माणसाच्या मुलानं ऐकलं, त्यानं बापाला सांगितलं, बापानं मला. सगळ्यांसमोर. अक्का, तिनं गाण्यात आईच्या शिव्या घातल्यात."

"अगंबाई! आईवरून?"

"नाही गं. आईच्या. तिची आई मला देते त्या."

मला हसू आवरेना, तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला.

हळूहळू सगळं कळत गेलं. शाळेत असताना ती शहरातल्या एका तरुणांच्या क्लबात जायची. तिथे पोरं समोरासमोर उभी राहून यमकात एकमेकांची खेचायची. ही एकटी मुलगी, त्यात सावळी. पोरं तिच्या रंगावर बोलायची, डब्यातल्या भाजीच्या वासावर बोलायची. पहिल्यांदा रडत घरी आली. दुसऱ्यांदा उत्तर देऊन आली. नंतर तिच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. पुढे तिनं औषधशास्त्राचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं, सकाळी एका बेकरीत पाव विकायला लागली आणि शनिवार-रविवार छोट्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम करायला लागली. एका कंपनीनं तिची गाणी काढली, ती चालली. भाऊ मात्र कारखान्यात विचारलं तर सांगायचा, मुलगी औषधांच्या क्षेत्रात आहे.

मग दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी तो म्हणाला, "अक्का, तिला तुझ्याकडे पाठवतोय. कंपनीशी भांडलीये. घरात बसून असते. तू शिक्षिका आहेस, समजव तिला. शिक्षण पूर्ण कर म्हणावं."

मी हो म्हटलं. सख्ख्या भावाला नाही कसं म्हणणार?

थंडीची सुरुवात होती. ती आली ती अंगापेक्षा मोठं जाकीट घालून, डोक्याची एक बाजू बारीक कापलेली. आमच्या ह्यांनी दार उघडलं आणि एक पाऊल मागे सरकले. "फुवा, मी शे," ती म्हणाली आणि वाकून पाया पडली. झालं. त्या क्षणापासून हे तिच्या बाजूचे. मी काही बोलायला तोंड उघडलं की म्हणायचे, "आधी जेवू दे तिला."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या घरातल्या गोधड्या गायब झाल्या. शोधलं तर मागच्या छोट्या खोलीत भिंतीभर लटकलेल्या. दारावर ह्यांची रजई. आत ही जमिनीवर बसलेली, पुढ्यात लॅपटॉप, तोंडासमोर माईक.

"हे काय गं?"

"फुई, आवाज घुमस आठे. गोधडीमुये घुमत नही."

"आणि आम्ही रात्री पांघरायचं काय?"

यावर तिनं इतक्या मनापासून विचार केला की मलाच वाईट वाटलं. मी बाजारातून दोन घोंगड्या आणल्या.

पण गोधड्यांनी काय होतंय? समोरच्या वहिनींना त्यांच्या घरात रोज दुपारी जर्मनमधलं ते तडातड बोलणं ऐकू जायचं. एकदा त्यांनी मला फाटकाशी गाठलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरात काही वाद आहेत का? नाही, मुलगी फार चिडलेली वाटते. आमच्याकडे एक महाराज येतात..." मी म्हटलं, "वहिनी, ती कविता म्हणते." त्या म्हणाल्या, "अशी?"

समजवायचं काम तर बाजूलाच राहिलं. एकदा भरताची वांगी भाजता भाजता मी विषय काढला. कंपनीशी का भांडलीस, हे विचारलं. तिनं जे सांगितलं ते असं. पुढच्या गाण्यांसाठी कंपनीला तिच्यात 'भारत' हवा होता. कपाळावर टिकली, हातावर मेंदी, मागे सतार आणि गाण्याच्या व्हिडिओत हत्ती. तिनं विचारलं, हत्ती का? ते म्हणाले, लोकांना आवडतं. ती म्हणाली, आमच्याकडे केळी आहेत, कापूस आहे, हत्ती नाही. ते म्हणाले, केळी कोण बघणार? मग तिनं सही केली नाही आणि त्यांनी तिची तयार गाणी अडकवून ठेवली.

"मंग तू सांग फुई, मनं काय चुकनं?"

मी वांग्याची साल काढत राहिले. तिचं काहीच चुकलं नव्हतं आणि मला तिला सांगायचं होतं की चुकलं. असल्या वेळी माणूस दुसऱ्याच गोष्टीवर चिडतो. मी म्हटलं, "निदान केस तरी वाढव."

तेवढ्यात नाना आले. नाना म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, धुळ्याला एका कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. भरत खाता खाता त्यांनी भाचीकडे पाहिलं, जर्मनीची गायिका आहे हे ऐकलं आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "आमच्या गॅदरिंगला प्रमुख आकर्षण!"

मी म्हटलं, "नाना, तिचं गाणं तसं नाही. आधी ऐकून घ्या."

"वहिनी, कला ती कला."

"नाना, खरंच ऐकून घ्या."

"मी ऐकलं नाही तरी चालेल. पोरांना ऐकू दे." हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं, कारण नंतर ते नानांना आठवेना.

गॅदरिंगच्या दिवशी एरंडोल, पारोळा करत आम्ही तिघं धुळ्याला पोचलो, तर कॉलेजच्या फाटकावर हा मोठा फ्लेक्स. त्यावर भाचीचा चेहरा. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेला, कापलेल्या केसांच्या जागी लांबसडक केस चिकटवलेले, कपाळावर भली मोठी टिकली. खाली 'आंतरराष्ट्रीय गानकोकिळा'. आणि मागे आयफेल टॉवर.

मी गाडीतच नानांना फोन लावला. "नाना, तो टॉवर फ्रान्समध्ये आहे."

"वहिनी, परदेश तो परदेश. फ्लेक्सवाल्याकडे तोच होता."

मी भाचीकडे बघायचं टाळत होते. ती खिडकीतून मान बाहेर काढून फ्लेक्स न्याहाळत होती. म्हणाली, "तठला लोके हत्ती लावतस, आठला टॉवर लावतस." आणि हसायला लागली. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

कार्यक्रम वेळेवर सुरू होणार नव्हताच. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. मग भाषणं. एक साहेब संस्कृतीवर बोलले, दुसरे साहेब पहिल्या साहेबांवर बोलले. शेवटी नाना उठले. नाना लहानपणापासून सुरू झाले. मागे बसलेली मुलं उठून नाश्त्याच्या गाड्यांकडे जायला लागली. मुली मात्र बसून होत्या, कारण त्यांना उठायची परवानगी नव्हती. शिक्षिका रांगेच्या टोकाला उभ्या होत्या. भाची स्टेजच्या बाजूला पडद्यामागे त्याच मोठ्या जाकिटात उभी. मी तिच्याशेजारी.

"फुई, हाऊ बाबा कव्हय थांबी?"

"हळू बोल. ते अध्यक्ष आहेत."

अखेर तिचं नाव पुकारलं. सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपल्यासमोर एक सुमधुर भावगीत सादर होईल." मी डोळे मिटून घेतले. ती पुढे गेली, आणि तिच्या लॅपटॉपची वायर डीजेच्या मशीनला बसेना. दुसरी वायर आणली, तीही बसेना. डीजे खाली वाकून काहीतरी ठोकायला लागला. पुढच्या रांगेतले पाहुणे घड्याळं बघायला लागले.

तिनं माईक हातात घेतला. मुलींकडे बोट दाखवलं आणि टाळी वाजवून एक ठेका दाखवला. पहिल्यांदा दोघी-तिघींनी वाजवली. मग एक रांग. शिक्षिकांना यात काय रोखावं ते समजेना, टाळ्या वाजवायला बंदी नव्हती. ठेका जमल्यावर तिनं जर्मनमध्ये सुरुवात केली.

कुणालाच काही कळलं नाही. पडद्याला लागून बसलेल्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, "श्लोक आहे का?" एक पाहुणे भक्तिभावानं मान डोलवत होते. मला वाटलं, चला, सुटलो. कळलं नाही म्हणजे तक्रार नाही. आणि नेमकं तेव्हाच तिनं भाषा बदलली.

"बठ्ठा इचारतस लगीन कव्हय,
कोन्ही इचारत नही, जेवनी का नही!"

बठ्ठा म्हणजे सगळे, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही; मागून एक किंकाळी आली. मग हशा. मग शेकडो मुली एकदम ओरडल्या.

"माय म्हनस आस्ते बोल, बाप म्हनस बोलूच नको,
पाव्हना म्हनस गाईसन दखाड, पन असं गाऊ नको!"

नाश्त्याच्या गाड्यांकडची मुलं हातातला वडापाव घेऊन पळत आली. मुली उभ्या राहिल्या. एक शिक्षिका त्यांना खाली बसवायला निघाली आणि वाटेतच थांबून हसायला लागली. आणि मग तिनं ती ओळ म्हटली, जी मागच्या खोलीत कधी म्हटली नव्हती. पडद्यामागे उभ्या उभ्या रचलेली असणार.

"साहेबस्नं भाषन संपस नही, मनं गानं सुरू व्हस नही!"

ती ओळ मुलींनी तिच्याकडून उचलली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. साहेब पुढच्याच रांगेत होते. नानांचा चेहरा मी पाहिला. माझ्या पायाखालची फरशी दुभंगली असती तर मी खुशाल खाली गेले असते.

कार्यक्रम संपल्यावर नानांनी मला ऑफिसात बोलावलं. भाचीला नाही, मला.

"वहिनी, तुम्ही शिक्षिका. तुम्हाला कळायला नको होतं? पाहुण्यांचा अपमान झाला. आणि ही कसली भाषा? अहो, आपण घरात बोलतो ती!"

दिवसभराचं सगळं माझ्या डोक्यात गोळा झालं होतं. टॉवर, गानकोकिळा, भावगीत, सगळं. मी म्हटलं, "नाना, मी ऐकून घ्या म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, पोरांना ऐकू दे. पोरांनी ऐकलं. आणि घरात बोलतो ती भाषा वाईट असेल तर उद्यापासून तुम्ही घरात जर्मन बोला."

 ह्यांनी माझ्या हाताला धरून मला बाहेर आणलं. 

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या पुढे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. मी अजून धुमसत होते. तिला म्हटलं, "जर्मनमध्ये म्हटलंस तेवढं पुरे नव्हतं? अहिराणी कशाला काढायची?"

तिनं कप खाली ठेवला. मग जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ती पहिलीत असताना शाळेतल्या बाईंनी तिच्या आईवडिलांना बोलावून सांगितलं होतं, मुलगी मागे पडते आहे, घरात फक्त जर्मन बोला. भावाला ते पटलं. त्यानं घरात तसा नियमच केला. तो जर्मन बोलायचा, मुलगी बोलायची. आणि वहिनी? वहिनीला जर्मन येतच नव्हतं.

"मायनं बोलनंच बंद करी टाकं, फुई," ती म्हणाली. "लई महिना. घरमा ती नुसती भांडा घासे. माले वाटे, मनामुये मनी माय मुकी व्हयनी."

मग एक दिवस भावानं गॅसवरचं दूध उतू घालवलं आणि वहिनीच्या तोंडून अस्सल शिंदखेड्याची शिवी निघाली. ती पोर इतकी खूश झाली, की रोज बापाकडून काहीतरी सांडेल याची वाट बघायला लागली. पहिल्या गाण्यात ती शिवी होती, ती अशी.

मी चहा तसाच ठेवला. मला शाळेतल्या बाईंचा राग आला, भावाचा आला. इतकी वर्षं दर रविवारी बोलून हे मला कधी न सांगितल्याचा तर फारच आला. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "बिस्कीट घे."

पुढच्या काही दिवसांत कुणीतरी मोबाइलवर काढलेला तो कार्यक्रम खानदेशभर फिरला. निम्मे लोक म्हणाले, अहिराणीची बदनामी. निम्मे म्हणाले, अहिराणीचा अभिमान. दोन्ही पक्ष मला फोन करायचे. दोंडाईच्याच्या एका मंडळानं तिला शाल-श्रीफळ दिलं आणि तिथेही चार भाषणं झाली. चाळीसगावहून एका मुलाचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांची एकच अट, लग्नानंतर तेवढं बोलणं बंद. मी हे तिला सांगितलं, तर तिनं त्याचंही यमक केलं.

रविवारी भावाचा फोन आला. "अक्का, समजवायला पाठवली होती तिला! हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "तू घरात जर्मनचा नियम केला होतास?"

 मग म्हणाला, "शाळेनं सांगितलं होतं."

"आणि वहिनी काय बोलणार होती?"

"मला वाटलं, शिकेल."

"शिकली?"

"नाही." मग स्वतःच म्हणाला, "अक्का, मला वाटायचं ती रागावलीये."

मी त्या दिवशी त्याला जितकं बोलले तितकं लहानपणीही बोलले नसेन. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "पोरीला सांग, परत ये म्हणावं. शिक्षणाचं मी काही बोलणार नाही."

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी ती परत गेली. जुनी कंपनी सोडली, अडकलेली गाणी तशीच सोडून दिली, दोन मित्रांना घेऊन स्वतःच नवी गाणी काढली. निम्मी जर्मन, निम्मी अहिराणी. त्यातल्या एका गाण्यात वहिनीचा स्वतःचा आवाज आहे. ती काय म्हणते, ते मी इथे लिहू शकत नाही. वहिनीला आता तिथल्या भाजीच्या दुकानात पोरं ओळखतात आणि तेवढंच वाक्य म्हणून दाखवायचा आग्रह करतात. सकाळची बेकरी भाचीनं अजून सोडलेली नाही, सोडण्याइतकं तिचं चालत नाही. पण हॉल भरतात.

तिथल्या एका पेपरानं तिच्यावर मोठा लेख छापला. तिनं मला फोनवर भाषांतर करून ऐकवला. त्यात लिहिलं होतं की ती हिमालयाच्या पायथ्याशी भटक्या टोळ्या बोलतात त्या लुप्त होत चाललेल्या भाषेत गाते. मी किंचाळले. "हिमालय? अगं, सातपुडा तरी म्हणायचा! आणि लुप्त? नानांना घरात बोलताना ऐका म्हणावं एकदा!" ती म्हणाली, पत्र पाठवून उपयोग नाही, ती दोनदा पाठवून बसली आहे.

मागच्या महिन्यात भाऊ पहिल्यांदा तिच्या कार्यक्रमाला गेला. वहिनीनं नेलं. रविवारी फोन आला, तो आधी गुडघ्याबद्दल बोलला, मग हवेबद्दल. मी विचारलं, "अरे, कार्यक्रम कसा झाला?"

"आवाज फार होता."

"आणि?"

"बसायला खुर्च्या नव्हत्या. सगळा वेळ उभं."

"अरे, पोरीचं काय?"

"लोक तिच्याबरोबर म्हणत होते, अक्का. गोरी पोरं. अहिराणी. उच्चार चुकीचे. माझ्या शेजारी एक उंच मुलगा होता, तो 'बठ्ठा'चा 'बाता' करत होता. कानाला बघवेना."

"कानाला बघवत नसतं, ऐकवत नसतं."

"तेच ते. शेवटी मी त्याला धरून शिकवलं."

"कार्यक्रम चालू असताना?"

"मग काय करणार? चुकीचं म्हणत होता."

तीन गाणी होईपर्यंत तो मुलगा बरोबर म्हणायला लागला होता, असं वहिनीनं मागून ओरडून सांगितलं. पोरीकडे स्टेजवर बघितलंस का, असं मी भावाला विचारलं, तर म्हणाला, "बघणार होतो. पण त्याला 'ठ' काही केल्या जमेना."